नदीचा गाळ समुद्रात गेल्यावर बसतो कुठे?

जुलैत हरिहरेश्वरला उभं राहिलं की सावित्रीच्या मुखापासून समोरचा समुद्र दुधाच्या चहासारखा दिसतो. डिसेंबरात त्याच जागी पाणी निळसर-हिरवं असतं. मग मधल्या काळात एवढा गाळ गेला कुठे? नदीच्या तोंडासमोर त्याचा ढीग का होत नाही? आणि हे हजारो वर्षं चालू असेल तर समुद्र एव्हाना भरून का गेला नाही? प्रश्न असे तीन आहेत आणि तिन्ही रास्त आहेत. समुद्रतळाचा चिखल वर काढून त्याचे काप करण्यात माझी तीसेक वर्षं गेली, तेव्हा उत्तर जरा लांबणार हे आधीच सांगतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. हरिहरेश्वरला दिसलेला तो चहा सगळाच्या सगळा सावित्रीने आणलेला नसतो. कोकणातल्या नद्या आखूड आहेत. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरून शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत समुद्राला मिळतात. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडची माती कृष्णा-गोदावरीतून थेट आंध्रच्या किनाऱ्याला जाते. नाशिक-साताऱ्याच्या शेतातली बरीचशी धूप अरबी समुद्रात येतच नाही. शिवाय आपल्या खाड्या म्हणजे समुद्र वर चढल्यावर बुडालेल्या नदीच्या दऱ्या. त्या अजून पूर्ण भरलेल्या नाहीत, म्हणून नदीने आणलेल्या गाळाचा मोठा वाटा बाणकोटच्या, दाभोळच्या, जयगडच्या खाडीतच अडकतो. पावसाळ्यात बाहेरचा समुद्र गढूळ होतो त्याचं अर्धंअधिक कारण लाटा. आधीच तळावर पडलेला चिखल त्या ढवळून वर काढतात. म्हणजे तुम्ही पाहिलेला बराचसा गाळ जुनाच होता, नव्याने तरंगत होता इतकंच.

हीच गोष्ट या विषयाच्या मुळाशी आहे. नदी गाळ आणून देते, पण तो शेवटी कुठे राहील हे नदी ठरवत नाही. एक कण कायमचा गाडला जाण्याआधी दहा वेळा, कधी शंभर वेळा बसतो आणि उठतो.

आपल्या किनाऱ्याला गाळ पुरवणारे खरे मोठे पुरवठादार उत्तरेला आहेत: नर्मदा आणि तापी, आणि त्यांच्याही पलीकडे सिंधू. नर्मदा-तापीचं खोरं बरंचसं दख्खनच्या काळ्या दगडाचं, म्हणून त्यांचा गाळ म्हणजे आपली ओळखीची काळी माती. तिच्यातलं मुख्य चिकणखनिज स्मेक्टाइट. पाणी पडलं की फुगतं, उन्हाळ्यात भेगा पडतात, तेच. सिंधूचा गाळ हिमालयाचा, त्यात इलाइट आणि क्लोराइट जास्त. गोव्याच्या खाली गेलात की जांभ्याच्या आणि जुन्या ग्नाइस खडकांच्या मुलखातून येणारं केओलिनाइट वाढतं. कच्छपासून केरळपर्यंत समुद्रतळाचा चिखल गोळा करून क्ष-किरणांखाली धरला की कोणत्या नदीचा माल कुठवर पोचला ते बऱ्यापैकी वाचता येतं. गावच्या बाजारात बोलण्यावरून माणूस कुठला ते कळतं, तसंच.

आता हा कण पाण्यात शिरल्यावर काय होतं? चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा, एकटा कण स्थिर पाण्यात दिवसाला जेमतेम ३० सेंटिमीटर खाली जातो. म्हणजे ३० मीटर खोल पाण्यात तळ गाठायला त्याला शंभर दिवस लागतील, तेही पाणी हललं नाही तर. हा हिशेब खरा मानला तर नर्मदेचा गाळ वाहत वाहत आफ्रिकेच्या वाटेला लागायला हवा. तसं होत नाही, याचं कारण मीठ.

घरी करून बघा. शेतातली काळी माती चिमूटभर घेऊन दोन ग्लास पाण्यात नीट घुसळा. एका ग्लासात चमचाभर मीठ टाका, दुसरा तसाच ठेवा. तासाभराने मिठाच्या ग्लासात वरचं पाणी निवळायला लागलेलं दिसेल आणि खाली कापसासारखे पुंजके बसलेले दिसतील. दुसरा ग्लास सकाळपर्यंत गढूळच राहील. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलतात. खाऱ्या पाण्यातले सोडियम-मॅग्नेशियमचे आयन तो भार झाकून टाकतात, आणि मग कण एकमेकांच्या जवळ आले की चिकटतात. समुद्रात त्यात जिवाणूंचा आणि शेवाळाचा चिकट स्राव भर घालतो. या पुंजक्यांना आमच्या बोलण्यात फ्लॉक म्हणतात. ते सेकंदाला अर्धा मिलिमीटर वेगाने सहज खाली जातात. म्हणजे तोच ३० मीटरचा प्रवास शंभर दिवसांऐवजी सतरा तासांत. एक बारकावा: केओलिनाइट आणि इलाइट थोड्याशा खारटपणातच गोळा होतात, स्मेक्टाइट मात्र सावकाश. म्हणून काळ्या मातीचा गाळ इतरांपेक्षा जरा लांबवर जातो.

तर पहिला थांबा नदीच्या मुखाजवळच. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तवंगासारखं पसरतं. त्यातून पुंजके गळत राहतात आणि बराचसा गाळ काही दिवसांतच तळाशी जातो. नदीच इतकी गढूळ असेल की तिचं पाणी समुद्राच्या पाण्याहून जड झालं, तर ती सरळ तळाशी घुसते. पण त्यासाठी एका घनमीटर पाण्यात चाळीसेक किलो गाळ लागतो. चीनमधली पीत नदी आणि तैवानच्या डोंगरी नद्या कधीमधी ही पातळी गाठतात. आपल्या मोठ्या नद्यांचं हे काम नव्हे.

खंभातच्या आखातात मात्र या पहिल्या थांब्यालाही थांबा म्हणणं अवघड. भावनगरला उधाणाची भरती दहा मीटरच्या वर चढते, आणि आखातातून पाणी आत-बाहेर होताना प्रवाह सेकंदाला दोन-तीन मीटरने धावतो. त्या पाण्यात गाळाला बसायला सवड मिळते ती भरती-ओहोटीच्या उलटापालटीच्या वेळी, पाणी क्षणभर ठप्प होतं तेव्हा. तीही पुरती मिळते भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा. उधाण आलं की सगळं पुन्हा वर. उपग्रहाच्या चित्रांत हे आखात वर्षभर तपकिरी दिसतं ते यामुळे. नद्या रोडावलेल्या असतात त्या एप्रिल-मे महिन्यांतही. डोल जाळी लावणारे कोळी याच प्रवाहावर जगतात: जाळं खुंटांना बांधून ठेवायचं, बोंबील-जवळा प्रवाहच आणून भरतो. गढूळ पाणी आणि बोंबील यांचं नातं त्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असतं.

आखातातून बाहेर पडलेला गाळ उघड्या समुद्राच्या हद्दीत येतो. तिथे त्याचं नशीब लाटांच्या हाती.

खंडाचा बुडालेला काठ, ज्याला आपण खंडान्त उथळी म्हणतो, तो मुंबई-खंभातसमोर ३०० किलोमीटरपर्यंत रुंद आहे, गोव्यासमोर शंभराच्या आसपास, कोचीसमोर आणखी अरुंद. किनाऱ्यापासून आत जात गेलं की तळ साधारण असा लागतो: आधी पुळणीची वाळू, काही मीटर खोलीपर्यंत. मग चिखल, साधारण पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत, हिरवट-राखाडी, लोण्यासारखा मऊ. त्यापुढे एकदम पुन्हा वाळू, आणि ती नदीची वाळू नाहीच: शिंपल्यांचा चुरा, चुन्याचे गोल दाणे, शेवाळाने बांधलेले खडे. माझ्याबरोबर असलेल्या एका तांडेलाने हे मला एका वाक्यात सांगितलं होतं: ‘तीस वावाला शिसं चिखल घेऊन येतं, पन्नास वावाला जाळं फाटतं.’ शिसं म्हणजे खोली मोजायला दोरीने सोडलेलं वजन, आणि वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की जेवढं भरतं तेवढं, सुमारे सहा फूट. नकाशावर मुंबई-सौराष्ट्रासमोरच्या त्या खडकाळ सपाटीचं इंग्रजी नावच मुळी ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ आहे, म्हणजे पन्नास वावांची सपाटी.

हे पट्टे असे का? त्यासाठी एकच हिशेब पुरे. पावसाळ्यातली बरी लाट घ्या: उंची तीन मीटर, दोन लाटांमधलं अंतर दहा सेकंद. अशी लाट वरून गेली की तळाशी पाणी पुढे-मागे हलतं. ३० मीटर खोलीवर हे हलणं सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर, ६० मीटरवर १६, आणि ९० मीटरवर जेमतेम ५. ताजा, पाणीदार चिखल उचलायला सेकंदाला पंधरा-वीस सेंटिमीटर पुरतात. म्हणजे पाच-दहा मीटर खोलीवर चिखल टिकूच शकत नाही, तिथे वाळूच राहणार. वीस-तीस मीटरवर चिखल हिवाळ्यात बसतो आणि जूनमध्ये उठतो. पन्नास-साठच्या आसपास उचलण्याची ताकद संपत येते, आणि उठून उठून पुढे सरकलेला चिखल तिथे अडकतो. त्याच्या पुढे लाटा त्याला हात लावू शकल्या नसत्या, पण तिथवर तो पुरेशा प्रमाणात पोचतच नाही.

चिखलाचा आणखी एक स्वभाव इथे मोजावा लागतो. वाळू कधीही उचला, तेवढाच जोर लागतो. चिखल आज बसलाय तर फुंकरीने उडेल, चार महिने शांत पडला, पाणी निथळलं, दाबला गेला, की त्याला उचलायला बारीक वाळूपेक्षाही जास्त जोर लागतो. म्हणून पावसाळा संपल्यावरचे शांत महिने महत्त्वाचे. तेवढ्या वेळात जो थर घट्ट झाला तो पुढच्या जूनमध्ये वाचतो, बाकीचा जातो.

आता ‘पुढे सरकतो’ म्हणजे कसा, यावर आमच्या क्षेत्रात बरीच वर्षं चुकीची समजूत होती, मीही तीच शिकलो. समजूत अशी की वरचा गढूळ तवंग जिथवर जातो तिथवर गाळ पडतो. तिला धक्का दिला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या उत्तरेच्या ईल नावाच्या लहानशा डोंगरी नदीने. जानेवारी १९९५ मध्ये तिला मोठा पूर आला. अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाचा स्ट्राटाफॉर्म हा प्रकल्प तेव्हा तिथेच सुरू होत होता, त्यामुळे जहाजं लगेच पोचली. पुराचा तवंग किनाऱ्याला चिकटून राहिला होता, साधारण ४० मीटर खोलीच्या रेषेच्या आतच. पण तळावर नव्या चिखलाचा थर सापडला तो ५० ते ७० मीटर खोलीवर, नदीच्या मुखाच्या बराच उत्तरेला, काही ठिकाणी आठ-नऊ सेंटिमीटर जाड. तवंग जिथे गेलाच नव्हता तिथे गाळ पोचला होता. शिवाय त्या थरात पुराने आणलेल्या गाळाचा जेमतेम चौथा हिस्सा भरला.

पुढच्या काही वर्षांत तळावर तिपाई ठेवून त्यावर सेन्सर लावले गेले तेव्हा उलगडा झाला. पुराच्या वेळीच समुद्रातही वादळ होतं. तवंगातून खाली पडलेला गाळ लाटा उचलत होत्या, पण वरपर्यंत नाही: तळालगतच्या दहा-पंधरा सेंटिमीटरच्या थरात. तिथे तो इतका दाट झाला की आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जड झाला, आणि अर्ध्या अंशाहूनही कमी उतारावरून खोलीकडे घरंगळत गेला. लाटा त्याला तरंगत ठेवतात, उतार त्याला ओढतो. लाट थांबली की तोही तिथेच बसतो. घोट्याइतक्या उंचीचा हा चिखलाचा ओढा वरून जाणाऱ्या जहाजाला कळतसुद्धा नाही.

आपल्याकडे हे लागू पडावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडेही पूर आणि मोठ्या लाटा एकाच वेळी येतात, जून ते सप्टेंबर. उलट ॲमेझॉनसारखी नदी वर्षभर वाहते, तिचा हिशेब वेगळा. वर्षाला शंभर कोटी टनांहून जास्त गाळ ती समुद्रात टाकते आणि तिच्या मुखाबाहेरच्या तळावर पातळ चिखलाचे कित्येक मीटर जाडीचे थर १९८९ ते १९९१ च्या मोहिमांत मोजले गेले.

या पातळ चिखलाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ते बघण्यासारखं असतं. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅमच्या वर गाळ झाला की पुंजके एकमेकांच्या वाटेत येतात, खाली बसणंच मंदावतं. तयार होतं ते धड पाणी नाही, धड जमीन नाही. श्रीखंडाचा चक्का नीट निथळायच्या आधी जसा असतो, तसं. जहाजावर इको साउंडर, म्हणजे ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, दोन कंप्रतांवर चालवला की पडद्यावर दोन तळ दिसतात. उच्च कंप्रता, २०० किलोहर्ट्झच्या आसपासची, या पातळ चिखलाच्या माथ्यावरूनच परत येते. ३३ किलोहर्ट्झची त्याच्या आरपार जाऊन खालच्या घट्ट तळावरून परत येते. दोन्हींत मीटर-दोन मीटरचा फरक. मग बंदराची खोली कोणती लिहायची? यावर कंत्राटदार आणि बंदराचे लोक तासन् तास भांडलेले मी ऐकलेत, कारण गाळ किती उपसला याचं बिल त्यावर ठरतं. रॉटरडॅमच्या बंदराने हा वाद घनतेवर मिटवला: चिखलाची घनता घनमीटरला १.२ टन होते तिथे जहाजाचा तळ मानायचा, त्याच्या वरच्या चिखलातून जहाज खुशाल जाऊ दे.

केरळात आलप्पुळाच्या किनाऱ्याला हाच पातळ चिखल पावसाळ्यात वेगळंच काम करतो. लाटा त्यात शिरल्या की त्यांची ताकद चिखल गिळून टाकतो. बाकी किनारा खवळलेला असताना तेवढ्या पट्ट्यात पाणी तळ्यासारखं शांत, आणि मासेही तिथे गोळा होतात. तिथले मच्छीमार त्याला चाकरा म्हणतात. जुन्या काळी पावसाळ्यात आलप्पुळाला जहाजं नांगरायची ती याच शांत पट्ट्याच्या भरवशावर. आपल्या कोकणात तसं काही होत नाही. का होत नाही यावर वाद आहेत, पण त्यात इथे शिरत नाही.

आता मोजमापाकडे. तळावर वर्षाला किती चिखल साचतो हे कळतं कसं?

जहाजावरून एक लोखंडी पेटी तळावर सोडतात, ती तळात रुतून चिखलाचा ठोकळा कापून आणते. याला बॉक्स कोअरर म्हणतात. तो वर आला की आधी वरचं पाणी बघायचं. पेटीत चिखलावर वीतभर पाणी असतं. ते नितळ असेल तर माथा जागच्या जागी आहे. गढूळ असेल तर तो ठोकळा टाकून द्यायचा आणि पुन्हा पेटी सोडायची, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत. चांगल्या ठोकळ्याचा वरचा एखाद-दुसरा सेंटिमीटर पिवळसर तपकिरी असतो, त्यात किड्यांच्या बारीक नळ्या उभ्या असतात, त्यांच्यावर मऊ पुंजक्यांची साय. त्याखाली रंग एकदम बदलतो, हिरवट राखाडी, आणि चाकू घातला की कुजक्या अंड्याचा वास. त्यात प्लास्टिकची नळी दाबायची, नळीतल्या गाभ्याचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करायचे, पिशव्या भरायच्या, नावं घालायची. सुट्टीत घरी जाताना बोटांना तो वास असायचा.

या कापांमध्ये शिसं-२१० मोजतात. जमिनीतून रेडॉन वायू हवेत येतो, त्यापासून हे किरणोत्सारी शिसं तयार होतं, पावसाबरोबर समुद्रात पडतं आणि चिकणमातीच्या कणांना चिकटून तळाशी जातं. दर २२ वर्षांनी ते निम्मं होतं. म्हणजे वरच्या कापापेक्षा एखाद्या कापात ते निम्मं सापडलं, तर तो काप साधारण २२ वर्षांपूर्वीचा. यातून शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब लागतो. त्याहून ताज्या गोष्टींसाठी बेरिलियम-७ आहे, ते ५३ दिवसांत निम्मं होतं. ते ज्या चिखलात सापडलं तो गेल्या काही महिन्यांत बसला किंवा उठून पुन्हा बसला, हे नक्की.

हिशेब ऐकायला सोपा वाटतो. मी त्यात सपशेल आपटलो आहे. माझ्या पहिल्या मोहिमेत पेटी नव्हती, वजन लावलेली नळी होती. ती वेगाने खाली जाते आणि तळावर आपटण्याआधी तिच्यापुढचा पाण्याचा दाब वरचा मऊ चिखल उडवून लावतो. मला हे माहीत नव्हतं. माझ्या गाभ्यात शिसं वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखं आलं, आणि मी आनंदाने लिहून टाकलं की इथे गाळ फार वेगाने साचतो. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, ‘एक्स-रे काढलास का?’ काढला. गाभ्याच्या फोटोत एकही थर शाबूत नव्हता, सगळं किड्यांनी नांगरून ठेवलेलं. माथा उडालेला, उरलेलं ढवळलेलं, आणि मी त्यावर वर्षाचे मिलिमीटर काढत बसलेलो. जगभरच्या समुद्रतळांची सरासरी घेतली तर किडे, खेकडे, शिंपल्या वरचा दहाएक सेंटिमीटरचा थर सतत वरखाली करत असतात. तेव्हापासून एक्स-रेशिवाय कोणाचाच आकडा मी गंभीरपणे घेत नाही, स्वतःचा तर नाहीच.

आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या आतल्या चिखलपट्ट्यात नीट काढलेले आकडे बहुतेक वर्षाला काही मिलिमीटर असे येतात. ते पटण्यासारखे आहेत का, हे कागदावर तपासून बघू. समजा, धरणं नव्हती त्या काळी नर्मदा-तापी मिळून वर्षाला सहा कोटी टन गाळ बाहेर देत होत्या आणि तो २०,००० चौरस किलोमीटरच्या चिखलपट्ट्यावर सारखा पसरला. बसलेल्या चिखलाच्या घनमीटरात सुका गाळ साधारण ०.७ टन. भागाकार केला की वर्षाला चार मिलिमीटर. हा अंदाज ढोबळ आहे, पण प्रयोगशाळेतलं शिसं आणि कागदावरचा हिशेब एकाच घरात राहतात, हे महत्त्वाचं.

मग चार मिलिमीटरला सात हजार वर्षांनी गुणलं की अठ्ठावीस मीटर जाडी यायला हवी. सरसकट ती मिळत नाही. इथे अनेकजण फसतात. एका पुरात दिवसाला काही सेंटिमीटर पडतं, शंभर वर्षांच्या हिशेबात वर्षाला काही मिलिमीटर उरतं, हजारो वर्षांच्या हिशेबात त्याहून कमी. जितका जास्त काळ मोजाल तितका वेग कमी दिसतो, कारण मधे मधे जे उठून गेलं ते हिशेबात शिरतं. पीटर सॅडलर या भूवैज्ञानिकाने १९८१ मध्ये जगभरचे असे आकडे एकत्र मांडून हे दाखवलं. मुखासमोर ढीग का होत नाही, याचंही उत्तर तेच: ढीग होतो, पण पुढच्या उधाणापर्यंत किंवा पुढच्या जूनपर्यंत.

जिथे नदी फारच मोठी असते तिथे मात्र ढीग होतो, पाण्याखाली. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ वर्षाला शंभर कोटी टनांच्या घरात. त्यातला साधारण एक तृतीयांश समुद्रतळावरच्या बुडालेल्या त्रिभुज प्रदेशाला मिळतो. त्याचा माथा वीस-तीस मीटर खोलीपर्यंत सपाट आहे, कारण लाटा तो सतत घासत असतात. त्यापुढे उतार लागतो, आणि सगळ्यात जलद साचणं तिथे, त्या उतारावर. शेताचा बांध माती ढकलत ढकलत पुढे न्यावा तसा हा उतार समुद्राकडे सरकतो. बराच गाळ मधल्या खोल घळीतून, जिला ‘स्वॉच ऑफ नो ग्राउंड’ म्हणतात, थेट खोल समुद्रात जातो.

राहिला शेवटचा प्रश्न, समुद्र भरून का गेला नाही. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या शिगेला, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईसमोरची तीनशे किलोमीटरची उथळी तेव्हा जवळजवळ सगळी उघडी जमीन होती. मग बर्फ वितळला, समुद्र चढत गेला आणि सात हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराला आजच्या पातळीजवळ येऊन ठेपला. म्हणजे भरायचं काम मुळात सुरू झालंय सात हजार वर्षांपूर्वी, आणि त्यातला मोठा काळ नद्यांनी आपल्या बुडालेल्या दऱ्या भरण्यातच घालवला. पन्नास वावांच्या सपाटीवरचे चुन्याचे दाणे याचा पुरावा आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी १९७० च्या दशकात त्यांचं वय काढलं ते नऊ ते अकरा हजार वर्षांच्या घरात आलं. असे दाणे अगदी उथळ, नितळ, उबदार पाण्यात होतात. समुद्र तिथून वर सरकला, ते जिथल्या तिथे राहिले, आणि इतक्या हजार वर्षांत नर्मदेला त्यांच्यावर एक चादरही नीट घालता आलेली नाही.

यापुढे तर ती आणखी अवघड. तापीवर उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं, नर्मदेवर सरदार सरोवर २०१७ मध्ये १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीला पोचलं. गाळ जलाशयांत अडतो. सिंधूची तर मंगला, तरबेला ही धरणं आणि कोटरीचा बंधारा झाल्यावर रयाच गेली. पुरवठा आटला तरी लाटा कमी होत नाहीत, त्यामुळे चिखलपट्ट्याचा आतला काठ आता जुना ठेवा खाऊ लागेल, असा माझा अंदाज आहे. त्यात ट्रॉलरची भर. जाळ्याच्या दोन्ही बाजूंच्या जड फळ्या तळावरून ओढल्या जातात आणि शिसं-२१० च्या हिशेबाला लागणारा वरचा थर नांगरून टाकतात. जून-जुलैतली मासेमारी बंदी माशांसाठी आहे, पण त्या दोन महिन्यांत तळ ढवळण्याचं काम लाटा बिनपगारी करतातच.

गोव्यासमोर कांदोळीला सत्तावीस मीटर खोलीवर वर्षानुवर्षं एकाच जागी पाणी मोजलं जातं. पावसाळ्याच्या शेवटी खालून वर येणाऱ्या पाण्यामुळे तिथे तळाचा प्राणवायू संपतो, कधी हायड्रोजन सल्फाइडही होतो. अशा तळावर किडे तग धरत नाहीत, म्हणून थर ढवळले जात नाहीत. माझ्यासारख्याला हे सोयीचं, मच्छीमारांना अजिबात नाही.

आणि हा चिखल हात लावून बघायचा असेल तर जहाजाची गरज नाही. मुंबईत समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर, किंवा न्हावा-शेवाच्या बाजूला, पायासाठी पाइल घालत असतील तिथे थांबा. भोक ढासळू नये म्हणून ओतलेल्या बेंटोनाइट मातीच्या पाण्याबरोबर ड्रिलवर चिकटून वर येतो तो राखाडी-काळा गोळा, ज्याला साइटवर सगळे नुसतं ‘मरीन क्ले’ म्हणतात. परवानगी घेऊन थोडासा घ्या, बोटांत चोळा, दाताखाली एक कण धरा. वाळूसारखा करकरला नाही, साबणासारखा लागला, आणि मधे एखादी नखाएवढी शिंपली निघाली, तर तो समुद्राचाच.